टोंगाच्या यशाला चमत्कार म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगा या देशाच्या रग्बी लीग संघाबद्दल आपल्याकडे क्वचितच काही छापून येते, आणि आले तर त्यात 'चिमुकल्या बेटांचा चमत्कार' किंवा 'आडदांड खेळाडूंची कमाल' अशा धाटणीचे शब्द हमखास असतात. हे शब्द कौतुकाने लिहिलेले असतात याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यांतून चुकीची समजूत पसरते, असे माझे स्पष्ट मत आहे. या संघाचा उदय कसा झाला हे वर्षा-वर्षाने सांगता येते, त्यामागची कारणे दाखवता येतात आणि त्यासाठी कोणी काय सोडले हेही मोजता येते. ऑस्ट्रेलियात २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रग्बी लीगचा विश्वचषक होत असल्यामुळे हा विषय मराठी वाचकांपुढे नीट मांडला जावा, या हेतूने हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. रग्बी युनियन आणि रग्बी लीग हे दोन वेगळे खेळ आहेत. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्ड येथे बैठक घेऊन मूळ संघटनेशी फारकत घेतली, आणि त्या फारकतीच्या मुळाशी मजुरीचा प्रश्न होता. गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू सामन्यासाठी काम बुडवत, त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबांना द्यायची होती आणि हौशी खेळाच्या नावाखाली मूळ संघटनेने तिला नकार दिला होता. यातून जो खेळ घडत गेला त्यात प्रत्येक बाजूला पंधराऐवजी तेरा खेळाडू असतात आणि चेंडू असलेल्या संघाला सहा वेळा अडवले गेले की चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो. कबड्डीत चढाई करणारा अंगावर आलेल्या पकडीसकट मध्यरेषेकडे झेपावतो ते दृश्य डोळ्यांपुढे आणले, तर लीगचा खेळाडू दोन-तीन जणांना ओढत चार पावले अधिक का घेतो हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

टोंगाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास आहे. सुमारे १७० बेटांच्या या राज्यातली बहुतेक बेटे निर्मनुष्य आहेत आणि बहुसंख्य लोक टोंगाटापू या एका बेटावर राहतात. राजधानी नुकुआलोफा तिथेच आहे. हा देश १९०० ते १९७० या काळात ब्रिटिश संरक्षणाखाली होता, मात्र तिथले राजघराणे कधीच संपुष्टात आले नाही. १८७५ च्या राज्यघटनेने रविवार पवित्र मानला असून त्या दिवशी व्यापार आणि खेळ वर्ज्य आहेत. परंपरेने इथला मुख्य खेळ रग्बी युनियन. २०११ च्या युनियन विश्वचषकात टोंगाने फ्रान्सला १९-१४ असे हरवले होते, आणि तोच फ्रान्स पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. लीगमध्ये मात्र टोंगाचे नाव दीर्घकाळ दुय्यम संघांच्या यादीतच राहिले.

मुळात चमत्कार आणि 'जन्मजात ताकद' या दोन्ही स्पष्टीकरणांना माझा आक्षेप आहे. टोंगन माणसे धिप्पाड असतात म्हणून संघ जिंकतो, असे मानले तर तो १९९० च्या दशकातही जिंकायला हवा होता. १९९५ च्या विश्वचषकात इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन येथे टोंगाने न्यूझीलंडविरुद्ध उत्तरार्धात बारा गुणांची आघाडी घेतली होती, तरी शेवटी एका ड्रॉप गोलच्या (हातातला चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच खांबांमधून लाथाडून मिळवलेल्या) गुणाने सामना २५-२४ असा गमावला. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे टोंगन वंशाची मुले ऑकलंड आणि सिडनीच्या क्लबांमधून मोठी होत राहिली, ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या व्यावसायिक स्पर्धेत नाव कमावत राहिली, आणि त्यांतली सर्वांत चांगली मुले न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया उचलत राहिली. आज एनआरएलमधले निम्म्याच्या आसपास खेळाडू प्रशांत महासागरी वंशाचे आहेत. ताकद होतीच, फक्त ती दुसऱ्यांच्या जर्सीत खेळत होती. त्यामुळे २०१७ च्या विश्वचषकात हा संघ अव्वल संघांच्या तोडीस तोड उभा राहिला तेव्हा नेमके काय बदलले, हा खरा प्रश्न आहे.

बदल दोन पातळ्यांवर झाला. आंतरराष्ट्रीय रग्बी लीगमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड हे प्रथम श्रेणीचे देश मानले जातात आणि बाकीचे द्वितीय श्रेणीचे. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्या नात्याने दोन देशांकडून खेळण्यास पात्र असलेल्या खेळाडूला प्रथम श्रेणीच्या देशातून द्वितीय श्रेणीच्या देशाकडे जाण्याची मुभा नियमांनी दिली, आणि क्वीन्सलँड किंवा न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियन राज्यांकडून त्यांच्यातली 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही मालिका खेळणाऱ्यालाही आपल्या पूर्वजांच्या छोट्या देशाकडून खेळता येऊ लागले. पण नियम केवळ दार उघडतो. आत पाऊल टाकायचे की नाही, हे माणसाला ठरवावे लागते. जेसन टाऊमालोलो याने ते ठरवले. ऑकलंडमध्ये जन्मलेला, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजचा हा आघाडीचा खेळाडू २०१६ साली एनआरएलच्या सर्वोत्तम खेळाडूचा डॅली एम पुरस्कार कूपर क्रॉंक याच्यासोबत विभागून मिळवणारा, न्यूझीलंडच्या संघाचा कणा. त्याने २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर न्यूझीलंडऐवजी टोंगा निवडले. अँड्र्यू फिफिता याचे नाव तर ऑस्ट्रेलियाच्या संघात जाहीर झाले होते. त्याने ते मागे घेतले आणि तोही टोंगाकडे आला. डेव्हिड फुसितुआ, सिओ सिउआ टाउकेइआहो आणि मानू माऊ हे न्यूझीलंडकडून खेळलेले खेळाडूही त्यांच्यासोबत उभे राहिले.

हा निर्णय भावनेच्या भरात घेतला, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळल्यावर जे मानधन मिळते, त्याच्या तुलनेत टोंगाकडून मिळणारी रक्कम त्या वेळी नगण्य होती. न्यूझीलंडमध्ये त्यांच्यावर कठोर टीका झाली. देशाशी बेइमानी केल्याचा सूरही निघाला. आपण काय गमावत आहोत याची पूर्ण कल्पना असतानाही त्यांनी ती वाट धरली, आणि म्हणूनच मला त्यांचे मोल मोठे वाटते.

त्या विश्वचषकातले पुढचे सामने आकड्यांनीच बोलतात. स्कॉटलंडवर ५०-४, शेजारच्या सामोआ या बेट-देशावर ३२-१८. मग ११ नोव्हेंबर २०१७ रोजी हॅमिल्टन येथे न्यूझीलंडविरुद्ध मध्यंतराला २-१६ असे पिछाडीवर असताना टोंगाने उत्तरार्धात सामना फिरवला आणि २८-२२ असा विजय मिळवला. फुसितुआने तीन ट्राय केल्या, म्हणजे तीनदा चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला. उपान्त्यपूर्व फेरीत लेबनॉनने त्यांना चांगलेच झुंजवले, पण २४-२२ असा निसटता विजय मिळाला. त्याच फेरीत फिजीने न्यूझीलंडला ४-२ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यावरून उठाव एका देशापुरता नव्हता हे दिसते. २५ नोव्हेंबरला ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर उपान्त्य सामन्यात शेवटची सात-आठ मिनिटे उरली असताना इंग्लंड २०-० असे पुढे होते. तिथून टोंगाने पाठोपाठ तीन ट्राय करून २०-१८ पर्यंत मजल मारली. अखेरच्या क्षणी फिफिता गोलरेषेकडे झेपावला, इंग्लंडच्या एलियट व्हाइटहेडचा हात लागला आणि चेंडू सुटला; पंचांनी चेंडू पुढे निसटल्याचा निर्णय दिला आणि व्हिडिओ पंचांकडे न जाता सामना संपला. या निर्णयाविषयी आजही वाद होतो. माझे मत असे की अशा प्रसंगी चित्रफीत पाहायला हवी होती, मग निकाल काहीही लागो.

त्या दिवसांत मी मुलीकडे ऑकलंडला होतो. शहराच्या दक्षिण भागात ओटाहुहूच्या आसपास घराघरांच्या कुंपणांवर, मोटारींच्या खिडक्यांतून लाल झेंडे फडकत होते. कमरेला चटईसारखे विणलेले पारंपरिक वस्त्र गुंडाळलेल्या वृद्ध स्त्रिया रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या दिसत, आणि मैदानावर घोषणांपेक्षा चर्चमधली स्तोत्रे अधिक ऐकू येत. काही ठिकाणी हुल्लडबाजी झाली, पोलिसांना अटकाही कराव्या लागल्या. ते नाकारण्याचे कारण नाही. पण एवढ्या मोठ्या आनंदाचे मूळ केवळ एका विजयात असू शकत नाही, असे तेव्हाच जाणवले, आणि नंतर थोडे वाचल्यावर ते कळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते तेव्हा टोंगा आणि सामोआतली माणसे तिथे आणली गेली. १९७० च्या दशकात मंदी आली आणि तीच माणसे नकोशी झाली. १९७४ ते १९७६ या काळात देशात राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेल्यांना शोधण्यासाठी पोलीस पहाटे घरांत शिरत, रस्त्यात वर्णावरून अडवून कागदपत्रे मागत. मुदत उलटून राहिलेल्यांमध्ये प्रशांत महासागरी लोकांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते, तरी खटल्यांपैकी बहुतांश त्यांच्यावर भरले गेले. या छाप्यांबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये सरकारच्या वतीने औपचारिक माफी मागितली. टाऊमालोलोच्या पिढीचे आजी-आजोबा या काळातून गेलेले आहेत. ज्या देशात घराचे दार पहाटे ठोठावले जात होते, त्याच देशाविरुद्ध त्याच शहरात नातवंडे लाल जर्सी घालून उतरतात तेव्हा त्या सामन्यात गुणांच्या पलीकडचे बरेच काही पणाला लागलेले असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. या संघातले बहुतेक खेळाडू ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेन इथे जन्मले किंवा वाढले, तिथल्या शाळांत आणि क्लबांत घडले. मग हा संघ टोंगाचा कसा? प्रश्न योग्य आहे, पण तो अर्धवट विचारला जातो. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत ८० हजारांहून अधिक लोकांनी स्वतःला टोंगन म्हणून नोंदवले, म्हणजे मूळ देशातल्या लोकसंख्येच्या जवळ जाणारी संख्या एकट्या न्यूझीलंडमध्ये आहे. परदेशी राहणाऱ्या नातलगांनी पाठवलेल्या पैशांवर टोंगाचे अर्थकारण ज्या प्रमाणात चालते, ते प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची संपर्ककेबल तुटली आणि काही आठवडे देशाचा जगाशी संबंध जवळपास तुटला, तेव्हा ऑकलंड आणि सिडनीतली टोंगन कुटुंबे मदतीचे पिंप आणि खोकी भरून जहाजांवर चढवत होती. ज्यांच्या श्रमावर देश उभा आहे त्यांच्या मुलांनी देशाकडून खेळू नये, असे कोणत्या तत्त्वाने म्हणायचे? कोकणातून मुंबईला गेलेला चाकरमानी तीन पिढ्यांनंतरही गणपतीला गावी जातो आणि गावच्या मंडळाला वर्गणी देतो; त्याला गावचा नाही असे आपण म्हणत नाही.

या उदयाला एक काळी बाजूही आहे, आणि तिच्याकडे कौतुकाच्या भरात डोळेझाक होऊ नये. संघ जिंकू लागला तेव्हा त्याची देशातली संघटना मात्र त्या योग्यतेची नव्हती. प्रशिक्षक क्रिस्टियन वुल्फ यांच्या नियुक्तीवरून आणि कारभारावरून खेळाडू आणि टोंगाची राष्ट्रीय संघटना यांच्यात तीव्र वाद झाला, खेळाडूंनी तिच्या झेंड्याखाली खेळण्यास नकार दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने या संघटनेला निलंबित केले आणि पुढच्या वर्षी तिचे सदस्यत्वच काढून घेतले. म्हणून २०१९ च्या शेवटी टोंगाला अधिकृत नावाऐवजी 'निमंत्रित संघ' म्हणून मैदानात उतरावे लागले. त्या संघाने आधी हॅमिल्टनमध्ये ग्रेट ब्रिटनला १४-६ असे हरवले आणि २ नोव्हेंबर २०१९ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर जगज्जेत्या ऑस्ट्रेलियाला १६-१२ असे नमवले. १९७८ साली फ्रान्सकडून हरल्यानंतर प्रथम श्रेणीबाहेरच्या संघाकडून ऑस्ट्रेलिया हरण्याची ही पहिलीच वेळ होती. डोक्यावर धड संघटनेचे छत्र नसताना मिळवलेला हा विजय माझ्या मते या संघाची सर्वांत मोठी कामगिरी आहे; २०१७ च्या हॅमिल्टनपेक्षाही मोठी.

टोंगाने दाखवलेल्या वाटेने पुढे इतर गेले. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषकात जरोम लुआई, ब्रायन टोओ आणि स्टीफन क्रायटन या न्यू साउथ वेल्सच्या खेळाडूंनी सामोआची जर्सी घातली. पहिल्याच सामन्यात इंग्लंडकडून ६०-६ असा मार खाल्लेल्या सामोआने उपान्त्यपूर्व फेरीत टोंगालाच २०-१८ असे बाहेर काढले, उपान्त्य फेरीत जादा वेळेतल्या क्रायटनच्या ड्रॉप गोलवर इंग्लंडला २७-२६ असे हरवले आणि अंतिम सामन्यात ते ऑस्ट्रेलियाकडून ३०-१० असे हरले. प्रशांत महासागरातल्या बेटांपैकी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला देश. टोंगाच्या चाहत्यांना हे पाहताना दुःख झाले असेल, पण ही वाट आधी आपण मळली होती, याचा अभिमानही वाटला असेल.

टोंगाचा आलेख सतत चढता राहिला असे मात्र नाही. २०२३ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर तिन्ही सामने गमावले. २०२४ च्या प्रशांत स्पर्धेत ऑस्ट्रेलियाकडून १८-० अशी हार पत्करल्यावर ऑकलंडमध्ये न्यूझीलंडला अखेरच्या मिनिटांतल्या इसाया काटोआच्या ड्रॉप गोलने २५-२४ असे हरवले. १९९५ चाच गुणफलक, या वेळी बाजू उलटी. हा काटोआ एनआरएलमध्ये एकही सामना खेळलेला नसताना, अवघा अठरा वर्षांचा असताना टोंगाकडून २०२२ चा विश्वचषक खेळला होता. २०१७ च्या पिढीने नाव कमावून मग टोंगा निवडले, ही पिढी टोंगापासूनच सुरुवात करते आहे. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला २०-१४ एवढ्याच फरकाने जिंकता आले. २०२५ मध्ये मात्र सामोआकडून ३४-६ आणि न्यूझीलंडकडून ४०-१४ असे दोन मोठे पराभव झाले. इतका छोटा देश प्रत्येक वर्षी अव्वल संघ उभा करू शकेल ही अपेक्षा धरणे योग्य नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. या संघाने खेळाला जे दिले, त्याच्या तुलनेत खेळाच्या चालकांनी त्याला फार थोडे परत केले आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-टोंगा सामन्यासाठी माउंट स्मार्टवर २६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. आंतरराष्ट्रीय लीगला प्रेक्षक मिळत नाहीत असे म्हणणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर होते. तरीही टोंगाच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन सामने येतात, कारण क्लबांचे वेळापत्रक आधी ठरते आणि देशांना उरलेले आठवडे मिळतात. मोठे सामने होतात ते ऑकलंड, हॅमिल्टन, ब्रिस्बेन आणि सिडनीला. नुकुआलोफातल्या माणसाला आपला संघ दूरचित्रवाणीवरच पाहावा लागतो. २०२४ च्या प्रशांत स्पर्धेचे सामने फिजीच्या सुवामध्ये आणि पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्सबीमध्ये होऊ शकले, तर नुकुआलोफाच्या तेउफाइवा मैदानाची डागडुजी करून तिथे एखादा सामना घेणे अशक्य मानण्याचे कारण नाही. पापुआ न्यू गिनीच्या नव्या क्लबला २०२८ पासून एनआरएलमध्ये प्रवेश मिळावा यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले. चीनचा या भागातला प्रभाव रोखणे हा त्यामागचा एक हेतू असल्याचे उघडपणे बोलले गेले. तो निर्णय मला चांगला वाटतो, कारण लीग हा पापुआ न्यू गिनीचा राष्ट्रीय खेळ आहे. पण राजकीय गरज असली की पैसा सापडतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे. मग छोट्या देशांकडून खेळणाऱ्यांचे सामन्याचे मानधन मोठ्या देशांच्या बरोबरीने का असू नये, याचे उत्तर महासंघाने द्यायला हवे. ज्या खेळाचा जन्म मजुराच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई मागण्यातून झाला, त्या खेळात हा भेद राहावा हे मला पटत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. २०२६ च्या विश्वचषकात पुरुषांचे दहा संघ आहेत आणि त्यांत टोंगा, सामोआ, फिजी, पापुआ न्यू गिनी आणि कुक आयलंड्स असे प्रशांत महासागरातले पाच देश आहेत. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आणि ऑकलंड इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे कमी नाहीत. त्यांच्यापैकी खेळाची जाण असलेल्या एखाद्या वाचकाकडून या सामन्यांचे वार्तांकन करून घ्यावे, खेळाडूंची नावे शक्य तितकी त्यांच्या मूळ उच्चाराप्रमाणे छापावीत आणि निकाल पूर्ण गुणफलकासह, मध्यंतराच्या स्थितीसह द्यावेत.

आपला,
एक वाचक, मिरज